कोंबडीखाद्याच्या पोत्यात पोरकिडे: काय बघावं, काय करावं

पोत्यात किडे दिसले की पहिला प्रश्न येतो, "कोणतं औषध मारू?" खाद्यावर कोणतंही मारू नका. फवारलेल्या औषधाचा अंश अंड्यात आणि मांसात उतरतो. शिवाय किड्यांचं खरं घर बहुधा नवीन पोत्यात नसतं, ते मागे राहिलेल्या जुन्या खाद्यात असतं.

मॅशमध्ये, म्हणजे दळलेल्या खाद्यात, सर्वांत जास्त सापडतो तो तांबडा भुंगेरा: चपटा, तांबूस तपकिरी, ३ ते ४ मिलिमीटर लांब. अख्खा, धडका दाणा त्याला सहसा फोडता येत नाही, म्हणून दळलेलं-भरडलेलं खाद्य त्याला मानवतं. त्याची अंडी चिकट असतात, त्यांवर पिठाची भुकटी बसते आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत. ३० ते ३५ अंश सेल्सिअसला अंड्यापासून भुंगेरा व्हायला तीन-चार आठवडे पुरतात. २० अंशांखाली वाढ जवळजवळ थांबते. अख्खा मका साठवत असाल तर सोंडकिडा बघा. त्याची अळी दाण्याच्या आतच वाढते आणि बाहेर पडताना भोक ठेवून जाते. खाद्याला जाळी लागून गोळे होत असतील तर ते काम पतंगाच्या अळीचं.

कोंबडी तर किडे खातेच, मग बिघडलं कुठे?

चार किड्यांनी काही बिघडत नाही. पण किडे वाढले की त्यांच्या श्वसनाने पोत्यात उष्णता आणि ओल तयार होते, त्यावर बुरशी चढते आणि बुरशीचं विष कोंबडीच्या यकृतावर जातं. भुंगेरे फार झाले की त्यांच्या स्रावाने खाद्याला उग्र वास आणि गुलाबीसर छटा येते; पक्षी खाणं कमी करतात. काही पट्टकृमींची पिल्लं भुंगेऱ्याच्या शरीरात वाढतात, म्हणजे किडा खाल्ला की कृमीही पोटात गेला.

तपासणी

आठवड्यातून एकदा थप्पीतल्या खालच्या पोत्याची शिलाई उलगडून बघा. दोऱ्याच्या घडीत पीठ साचतं आणि पहिले भुंगेरे तिथेच दिसतात. मग पोत्यात कोपरापर्यंत हात घाला. मध्यभाग बाहेरच्यापेक्षा कोमट लागला तर आत किडे किंवा बुरशी वाढते आहे असं समजा. किलोभर खाद्य पांढऱ्या कागदावर पातळ पसरून उन्हात ठेवलं, तर पाच-दहा मिनिटांत भुंगेरे सावलीकडे पळताना दिसतात.

साठवण

उष्ण हवेत पंधरा दिवसांत संपेल एवढंच खाद्य घ्या. किड्याची पिढी पूर्ण होण्याआधी पोतं रिकामं झालं पाहिजे, सगळा हिशेब एवढाच आहे. आधी आलेलं आधी वापरा. थप्पी जमिनीपासून १५ सेंटिमीटर उंच फळ्यांवर आणि भिंतीपासून दीड-दोन फूट लांब लावा, म्हणजे मागून झाडता येतं. खाद्यातली ओल १२ टक्क्यांच्या आसपास असावी, १३च्या वर नको. पत्र्याखाली रात्री पाणी सुटतं, म्हणून वरच्या पोत्यांवर लक्ष ठेवा.

नवीन माल येण्याआधी फळ्यांखालचा सांडा, सायलोच्या (खाद्य साठवायच्या उभ्या टाकीच्या) शंकूत चिकटलेला थर, ऑगरच्या (खाद्य पुढे ढकलणाऱ्या मळसूत्राच्या) टोकाला अडकलेलं खाद्य आणि फीडरच्या काठावरची खपली काढा. हे खरवडून काढायला वेळ लागतो, पण इथेच हयगय झाली तर बाकी सगळं व्यर्थ. काढलेलं शेडजवळ टाकू नका. जाळा किंवा खोल पुरा. रिकामी पोती उलटी करून झटका आणि उकळत्या पाण्यात बुडवून कडकडीत वाळवा. भिंतीच्या भेगांत औषध मारायचंच असेल तर गोदाम पूर्ण रिकामं असताना मारा आणि पूर्ण वाळल्यावरच माल आत घ्या.

अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या स्वतः वापरू नका. ओल लागली की त्यातून सुटणारा फॉस्फीन वायू माणूस आणि कोंबडी दोघांनाही मारतो. ते काम परवानाधारकाचंच.

किडे झालेच तर

मोजकेच असतील, वास चांगला आणि खाद्य मोकळं असेल, तर चाळून दोन-तीन दिवसांत संपवा. चाळण्याने अंडी जात नाहीत, म्हणून परत साठवू नका. गोळे, कुबट वास किंवा गुलाबी छटा असेल तर ते खाद्य देऊ नका. थोडं, पण महत्त्वाचं खाद्य असेल तर लहान पिशव्यांत भरून उणे १८ अंशांना आठवडाभर ठेवा, अंड्यांसकट सगळे मरतात.

माल उतरवतानाच जिवंत किडे दिसले तर पोत्यावरची बॅच क्रमांकाची चिठ्ठी आणि अर्धा किलो नमुना बंद बरणीत ठेवा, एक पोतं न उघडता बाजूला काढा आणि ज्यांच्याकडून खाद्य घेतलं त्यांना त्याच दिवशी कळवा.