बटरकपची कबुली आणि फ्रेडरिकचा वाढदिवस : गिल्बर्ट-सलिव्हन यांच्या पात्रांना पूर्वकथा कशा चिकटल्या

डब्ल्यू. एस. गिल्बर्ट यांची संहिता आणि आर्थर सलिव्हन यांचे संगीत या जोडीतून १८७१ ते १८९६ या काळात चौदा विनोदी ऑपेरा जन्माला आले. त्यांतील पात्रांविषयी चाहत्यांनी रचलेल्या तर्कांचा आणि कल्पित पूर्वकथांचा साठा आज मोठा आहे. अमुक पात्राचे वय नेमके किती, तमुक पात्र आधी कोण होते, पडदा पडल्यावर त्याचे पुढे काय झाले, हे प्रश्न वरवर पाहता रिकाम्या वेळेचा खेळ वाटतात. परंतु या खेळाचे नियम गिल्बर्ट यांनीच घालून दिले आहेत, असे मला संहिता वाचताना पुन्हा पुन्हा जाणवते.

गिल्बर्ट काही काळ वकिली करत होते आणि त्यांच्या विनोदावर त्या व्यवसायाची छाप पडली आहे. एखादी अशक्य गोष्ट आरंभी मान्य करायची आणि मग न्यायालयात करावा तसा काटेकोर युक्तिवाद करत तिचे सारे परिणाम शेवटपर्यंत ओढत न्यायचे, ही त्यांची पद्धत होती. अशा रचनेत फटी राहतात आणि त्या उघड दिसतात. शिवाय त्यांची कित्येक पात्रे रंगमंचावर येण्यापूर्वीच छापून झालेली होती. ‘फन’ या साप्ताहिकात त्यांनी लिहिलेल्या आणि ‘बॅब बॅलड्स’ या नावाने १८६९ साली प्रथम संग्रहित झालेल्या विनोदी कवितांपैकी एकीत खलाशांचे अतोनात लाड करणारा कॅप्टन रीस भेटतो, ‘एच.एम.एस. पिनाफोर’मधला कॅप्टन कॉर्कोरन हा त्याचाच वंशज होय. होडीतून जहाजांवर किरकोळ माल विकणाऱ्या एका बाईची कहाणी गिल्बर्ट यांनी १८७०च्या कवितेत सांगितली होती. तेव्हा ज्याला ‘पिनाफोर’मधल्या अशाच विक्रेतीचा, म्हणजे बटरकपचा, पूर्वेतिहास हवा असेल, त्याला तो काही अंशी लेखकाच्याच जुन्या वहीत सापडतो.

‘पिनाफोर’ २५ मे १८७८ रोजी लंडनच्या ऑपेरा कोमिक नाट्यगृहात प्रथम सादर झाला आणि तर्कांचे सर्वांत घनदाट रान याच प्रयोगाभोवती माजले. शेवटच्या प्रसंगात बटरकप कबुली देते की, तरुणपणी ती पैसे घेऊन परक्यांची तान्ही मुले सांभाळत असे, तेव्हा तिच्याकडे एक कुलीन आणि एक गरीब घरचे अशी दोन बाळे होती आणि तिने त्यांची अदलाबदल केली. कुलीन बाळ म्हणजे साधा खलाशी राल्फ आणि गरीब बाळ म्हणजे जहाजाचा कप्तान. हे ऐकताच राल्फ कप्तान होतो, कप्तान खलाशी होतो आणि जो तो आपापल्या जागी सुखी होतो. मात्र दोघे एकाच वेळी तान्हे असतील, तर त्यांचे वय सारखेच असणार. म्हणजे राल्फवर प्रेम करणारी कप्तानाची मुलगी जोसेफीन आपल्या बापाच्या वयाच्या पुरुषाशी लग्न करते आणि बापाशी लग्न करते ती त्याला अंगाखांद्यावर वाढवलेली दाई.

या कोड्याची उत्तरे अनेक प्रकारे देता येतात. राल्फ तरुण नसून चाळिशीचा आहे, असे म्हणावे तर पहिल्याच अंकात बटरकप त्याला ‘तरुण’ म्हणते. त्यात भर पडते ती त्याला कोवळा नायक म्हणून उभे करण्याच्या रंगभूमीवरील प्रथेची. बटरकप स्वतःच त्या वेळी नुकती न्हातीधुती झालेली पोर होती, असे म्हटले तर दुसरा अर्धा भाग सुटतो. पण मला सर्वांत विचार करायला लावणारा तर्क तिसरा आहे : बटरकप खोटे बोलते. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला कप्तान तिला सांगतो की, आपल्या पदामुळे तो तिचा मित्र होण्यापलीकडे जाऊ शकत नाही. त्यावर ती लवकरच बदल होणार असल्याचे गूढ सूचन करते आणि थोड्याच वेळात अशी कबुली देते की, जिच्यामुळे कप्तान नेमका तिच्या पायरीवर उतरतो. साक्षीदार एकही नाही, पुरावा कोणी मागत नाही, आणि लाभ तिचाच होतो. या तर्काला विनोदाखाली एक काळोखी छटाही आहे. मुले सांभाळण्याचा हा धंदा (इंग्रजीत ‘बेबी-फार्मिंग’) त्या काळच्या प्रेक्षकांना वर्तमानपत्रांतून ठाऊक होता : ताब्यातील बाळाच्या खुनाबद्दल मार्गारेट वॉटर्स हिला १८७० साली फाशी झाली होती आणि १८७२ साली तान्ह्या मुलांच्या संरक्षणासाठी ब्रिटिश संसदेने कायदा केला होता. सहा वर्षांनी तोच शब्द गोड चालीवर ऐकताना प्रेक्षागृहात काय वाटले असेल, याचा विचार केला म्हणजे बटरकपला पूर्वायुष्य देण्याची ओढ पोरकट राहत नाही.

स्वतः गिल्बर्ट यांनीही ही पात्रे मिटवून टाकली नाहीत. १८९३च्या ‘युटोपिया, लिमिटेड’मध्ये कॅप्टन सर एडवर्ड कॉर्कोरन नावाचा आरमारी अधिकारी अवतरतो, त्याला मोठा किताब मिळालेला असतो आणि ‘पिनाफोर’मधल्या प्रसिद्ध ‘कधीच नाही? सहसा नाही’ या सवालजवाबाची तो जाणीवपूर्वक आठवण करून देतो. पंधरा वर्षांपूर्वी खलाशी झालेला माणूस पुन्हा कप्तान कसा झाला? मूळ पात्रयादीत कॉर्कोरनचे पहिले नाव दिलेलेच नव्हते, म्हणून ‘एडवर्ड’ कोण हा प्रश्न मोकळा राहतो. बटरकपची कबुली पुढे खोटी ठरली असावी, असे म्हणता येते. मला मात्र अधिक सरळ उत्तर हे वाटते की, कबुली खरी मानली तर जन्माने कॉर्कोरन हा राल्फच ठरतो, आणि तेव्हा किताब मिळवून परतलेला अधिकारी म्हणजे जुना राल्फ होय. गिल्बर्ट यांच्या तर्कपद्धतीशी हे उत्तर अधिक सुसंगत आहे. पुढे १९०८ साली गिल्बर्ट यांनी ‘पिनाफोर’ची गोष्ट लहान मुलांसाठी गद्यात विस्ताराने पुन्हा सांगितली, म्हणजे तीस वर्षांनंतरही लेखकाला आपल्या पात्रांविषयी सांगण्यासारखे उरले होते.

‘द पायरेट्स ऑफ पेन्झान्स’मधील कोडे निव्वळ पंचांगाचे आहे. आया रूथ हिने ‘पायलट’ऐवजी ‘पायरेट’ असे ऐकल्यामुळे, जहाजाच्या वाटाड्याकडे उमेदवारीला जायचा तो फ्रेडरिक चाच्यांकडे जातो आणि त्याच्या एकविसाव्या ‘वाढदिवसा’पर्यंत त्यांना बांधला जातो, तो २९ फेब्रुवारीला जन्मलेला असल्याने त्याचे वाढदिवस पाचच झालेले असतात. आपण १९४० साली मोकळे होऊ, असे तो आपल्या प्रेयसीला, मेबलला, सांगतो. आता हिशेब मांडला तर १९०० हे लीप वर्ष नव्हते. ते लक्षात घेतले तर फ्रेडरिकचा जन्म १८५२चा आणि कथानक १८७३ सालचे. ते विसरले गेले असे धरले तर जन्म १८५६चा आणि कथानक १८७७चे. एवढ्यावर भागले असते, परंतु त्याच प्रयोगात मेजर-जनरल स्टॅनली आपल्या गाण्यात ‘पिनाफोर’मधल्या चाली शिटीवर वाजवता येतात अशी फुशारकी मारतो, आणि ‘पिनाफोर’ तर १८७८चा. दोन्ही उत्तरे एका ओळीत कोसळतात. विज्ञानकथालेखक आयझॅक आसिमोव्ह यांना, जे गिल्बर्ट-सलिव्हन यांचे निस्सीम चाहते होते आणि ज्यांनी पुढे त्यांच्या संहितांवर टीपाही लिहिल्या, कथानकाच्या वर्षाचा हा प्रश्न इतका भावला की त्यांनी त्यावर एक स्वतंत्र रहस्यकथा रचली.

काल्पनिक व्यक्तींना खरी माणसे मानून त्यांची चौकशी करण्याची रीत इंग्लंडमध्ये याआधीपासून होती. मेरी काउडन क्लार्क यांनी १८५०च्या सुमारास शेक्सपिअरच्या नायिकांच्या बालपणाच्या कथा रचल्या होत्या. १९११ साली रोनाल्ड नॉक्स यांनी ऑक्सफर्डमध्ये शेरलॉक होम्सच्या कथांतील विसंगतींचा धर्मग्रंथाच्या चिकित्सेच्या थाटात अभ्यास सादर केला. आणि १९३३ साली एल. सी. नाइट्स यांनी लेडी मॅकबेथला मुले किती, या प्रश्नालाच शीर्षक करून अशा वाचनावर कठोर टीका केली. नाटक म्हणजे शब्दांची रचना, त्यापलीकडे पात्राला आयुष्य नसते, हा नाइट्स यांचा आक्षेप शोकांतिकेच्या बाबतीत वजनदार आहे. गिल्बर्ट यांच्या बाबतीत तो तितका लागू पडत नाही, कारण इथे वयाचा हिशेब आणि करारातील शब्दाचा अर्थ हीच कथानकाची यंत्रणा आहे. प्रेक्षक तोच हिशेब पुढे चालवतो.

जॅक पॉइंटची गोष्ट मात्र हिशेबाची नाही. ३ ऑक्टोबर १८८८ रोजी आलेल्या ‘द येओमन ऑफ द गार्ड’च्या अखेरीस पॉइंटचे जिच्यावर प्रेम आहे ती एल्सी दुसऱ्या पुरुषाची, फेअरफॅक्सची, होते आणि विदूषक पॉइंट त्यांच्या पायांशी शुद्ध हरपून कोसळतो, संहितेत एवढेच लिहिले आहे. लंडनमध्ये ही भूमिका प्रथम करणाऱ्या जॉर्ज ग्रॉस्मिथ यांनी शेवट हलका ठेवला, तर दौऱ्यावरील कंपन्यांत जॉर्ज थॉर्न आणि हेन्री लिटन यांनी पॉइंटला मरू दिले, असे सांगितले जाते. तो जगला की मेला हे प्रेक्षकांनी आपापले ठरवावे, असे गिल्बर्ट म्हणाल्याची आठवणही सांगतात.

हे तर्क इतका काळ रंगमंचाबाहेर वाढले, याला कायद्याचेही कारण आहे. गिल्बर्ट १९११ साली वारले आणि त्यांच्या संहितांवरील हक्क १९६१च्या अखेरीस संपले. तोवर ब्रिटनमध्ये व्यावसायिक प्रयोग डॉयली कार्ट कंपनीच्या हाती होते आणि तिथे ठरलेल्या हालचालींना धक्का लावण्यास फारसा वाव नव्हता. १९२४ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या गिल्बर्ट आणि सलिव्हन सोसायटीसारख्या ठिकाणी चाहत्यांना बोलण्याची जागा मिळाली; प्रयोगात जे बदलता येत नाही, ते चर्चेत बदलले जाऊ लागले, असे मला वाटते. हक्क सुटल्यावर वाट मोकळी झाली. १९७५ साली आलेल्या, रोनाल्ड सर्ल यांच्या रेखाटनांवर बेतलेल्या ‘डिक डेडआय’ या ॲनिमेशनपटाने तर वेगवेगळ्या ऑपेरांतील पात्रे एकाच कथेत आणून बसवली. आता एखाद्या दिग्दर्शकाला राल्फ चाळिशीचा नट घेऊन उभा करायचा असेल, किंवा कबुलीनंतर बटरकपला क्षणभर प्रेक्षकांकडे पाहायला लावायचे असेल, तर त्याला कोणाची परवानगी लागत नाही.