होप चेस्ट: पेटी, तिच्यातलं सामान आणि तिचं कुलूप

पुढे कधीतरी आपलं घर होईल म्हणून आत्तापासूनच चादरी, अभ्रे, टेबलक्लॉथ एका पेटीत जमवून ठेवायचे, या सवयीला अमेरिकेत होप चेस्ट म्हणतात, ब्रिटनमध्ये बॉटम ड्रॉवर, ऑस्ट्रेलियात ग्लोरी बॉक्स. फ्रेंचमधून आलेला ट्रूसो हा शब्दही त्यातलाच, मूळ अर्थ गाठोडं. या सगळ्याला सरसकट हुंडा म्हणून मोकळं होणारे लोक भेटतात आणि ते मला पटत नाही. हुंडा दोन घरांमध्ये ठरतो, देणारे घेणारे मोठे असतात. पेटीतलं सामान मात्र बऱ्याचदा मुलगी स्वतः वर्षानुवर्षं करत असते, लग्न ठरायच्या कितीतरी आधीपासून, आणि नवरा कोण असणार हे तेव्हा कुणालाच माहीत नसतं.

इतिहास सांगताना लोक इटलीतल्या फ्लॉरेन्सपासून सुरू करतात. तिथे पंधराव्या शतकात रंगवलेल्या, सोनेरी मुलामा दिलेल्या मोठ्या पेट्या लग्नाच्या मिरवणुकीतून नवऱ्याच्या घरी जायच्या. आज म्युझियममध्ये त्यांना कासोने म्हणतात, त्या काळच्या कागदपत्रांत शब्द सापडतो तो फोर्झिएरी. पण शतकाच्या मध्यापासून या पेट्यांची ऑर्डर नवऱ्याकडचेच द्यायला लागले, म्हणजे पेटी श्रीमंतीचा देखावा जास्त होती. तिला होप चेस्टची पूर्वज म्हणायचं तर आकारापुरतंच म्हणता येईल.

मला जास्त जवळचं वाटतं ते अमेरिकेतल्या कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यातलं काम, साधारण १६८० ते १७४० मधलं. ओकच्या पेट्या, पुढच्या फळीवर ट्यूलिप आणि पानांचं कोरीवकाम, आणि मधोमध मुलीची आद्याक्षरं, काहींवर तर पूर्ण नाव, आणि तेही माहेरचं. हे नुसतं हौसेचं नाही. तेव्हाची पद्धत अशी की जमीन मुलांकडे जायची आणि उचलून नेता येईल असं सामान मुलींना मिळायचं, पण इंग्लिश कायद्याप्रमाणे लग्न झालं की ते सामानसुद्धा नवऱ्याचं व्हायचं. न्यूयॉर्कमध्ये बायकांच्या मालमत्तेचा कायदा आला १८४८ मध्ये, इंग्लंडमध्ये १८७० आणि मग १८८२ मध्ये. म्हणजे त्याआधी दीडशे वर्षं पेटीवर कोरलेलं नाव कायद्याने काहीच सिद्ध करत नव्हतं, तरी ते कोरलं जात होतं आणि पुढे ती पेटी आईकडून मुलीकडे जायची तेव्हा नावही सोबत जायचं. पेन्सिल्व्हेनियातल्या जर्मन लोकांच्या रंगीत पेट्यांवरही नावं आणि सालं आहेत, मात्र त्या मुलग्यांसाठीही बनायच्या, त्यामुळे त्यांना सरसकट लग्नाची पेटी म्हणणं चुकीचं आहे.

पेटीच्या आत काय असायचं? मुख्यतः कापड. मुली लहानपणी नमुन्याच्या कापडावर क्रॉस स्टिचमध्ये मुळाक्षरं आणि आकडे भरायच्या, त्याचा उपयोग पुढे चादरींवर खूण करायला व्हायचा. कोपऱ्यात आद्याक्षरं आणि खाली नंबर, म्हणजे धुवून आलेल्या चादरी आळीपाळीने वापरता येतील आणि एकच चादर झिजणार नाही. मला ही गोष्ट फार आवडते, कारण त्यात अजून न झालेल्या घराचा रोजचा कारभार आधीच बसवलेला दिसतो.

विसाव्या शतकात सगळं बदललं. पेटी सुताराकडून कारखान्यात गेली. व्हर्जिनियातल्या एका छोट्या गावात १९१२ मध्ये सुरू झालेल्या लेन नावाच्या कंपनीने पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याची खोकी बनवली, त्यातून एकामागून एक नग काढायची शिस्त आली आणि युद्धानंतर तीच होप चेस्टच्या कामाला लागली. लाकूड लाल सीडर, जे नाव सीडर असलं तरी जातीने ज्युनिपर आहे. त्याच्या वासाने लोकरीला कसर लागत नाही असं सांगितलं जायचं. ते अर्धंच खरं आहे, तेलाचा परिणाम लहान अळ्यांवर थोडाफार होतो आणि वर्षांनी वास उडाला की तोही जातो, म्हणूनच तर झाकण घट्ट बसणं महत्त्वाचं होतं.

जाहिरातींचा जोरही होता. शाळा संपवणाऱ्या मुलींना फर्निचरच्या दुकानातून हातभर लांबीचीही नसेल अशी छोटी सीडरची पेटी फुकट मिळायची, म्हणजे मोठी घ्यायची आठवण राहील. दुसऱ्या महायुद्धात लांब गेलेला सैनिक आणि वाट बघणारी मुलगी हेच चित्र. इकडे १९२४ मध्ये शिकागोतल्या एका डिपार्टमेंट स्टोअरने लग्नाच्या भेटवस्तूंची यादी दुकानात नोंदवायची सोय काढली, आणि हळूहळू करायचं सामान कमी आणि मिळायचं सामान जास्त होत गेलं. माझ्या मते पेटी रिकामी व्हायला सुरुवात झाली ती इथेच, बायका नोकरीला लागल्या म्हणून नाही.

आता कुलूप. हा भाग लोक एका ओळीत उरकतात, मला तसं करता येत नाही. १९१२ ते १९८७ या काळात लेन कंपनीच्या पेट्यांना जो खटका होता तो झाकण पडलं की आपोआप बसायचा आणि उघडायचा फक्त बाहेरून बटण दाबून. आतून काहीच करता येत नाही, पेटी जवळपास हवाबंद, जाड लाकडामुळे आवाजही बाहेर येत नाही. लपाछपी खेळताना मुलं आत शिरली आणि गुदमरली. १९९६ मध्ये सरकारी सुरक्षा यंत्रणेबरोबर मिळून कंपनीने जाहीर केलं की अशा सुमारे १ कोटी २० लाख पेट्यांची कुलपं बदलायची. पेटी परत घ्यायची नाही, पैसे द्यायचे नाहीत, मालकाने कळवायचं, नवं कुलूप पोस्टाने फुकट येईल, ते स्क्रूड्रायव्हरने स्वतः बसवायचं.

हा निर्णय पुरेसा होता का यावर तेव्हापासून वाद आहे. बाजूने बोलणारे म्हणतात की काम दहा मिनिटांचं आहे, आणि एवढ्या जड पेट्या घराघरातून गोळा करणं शक्यच नव्हतं. ते खरंय. पण निर्णयाची रीत टोस्टर किंवा गाडीसारख्या वस्तूची होती, जिचा मालक माहीत असतो आणि जी काही वर्षांत भंगारात जाते. होप चेस्ट तर टिकवायलाच बनवलेली, आजीकडून नातीकडे जाणार, मग जुन्या सामानाच्या विक्रीतून कुणा अनोळखी घरात, तिथे ती ब्लँकेट ठेवायला किंवा बसायला वापरली जाणार, बिल नाही, नोंद नाही, ती होप चेस्ट आहे हेही घेणाऱ्याला माहीत नाही. घोषणा पोहोचणार कुणापर्यंत? २०१४ मध्ये दोन भावंडं अशाच एका पेटीत गुदमरून गेली आणि २०१५ मध्ये तीच घोषणा पुन्हा करावी लागली, तोवर अशा मृत्यूंचा आकडा डझनाच्या पुढे गेला होता.

आणि धोका नवा नव्हता. जुन्या फ्रिजमध्ये मुलं अडकायची म्हणून अमेरिकेत १९५६ मध्येच कायदा झाला की फ्रिजचं दार आतून उघडता आलं पाहिजे. तोच विचार पेटीच्या झाकणाला लावायला १९८७ उजाडावं लागलं, मधली तीस वर्षं तोच खटका कारखान्यातून बाहेर पडत राहिला. पेटी भावनेची वस्तू म्हणून विकली जात होती, यंत्र म्हणून तिच्याकडे कुणी बघितलंच नाही असं मला वाटतं.

२००१ मध्ये लेनचा त्या गावातला कारखाना बंद झाला. पेट्या मात्र अजून घराघरात आहेत आणि ऑनलाइन रोज विकल्या जातात. त्यांच्यावर छापलेला सिरीयल नंबर उलटा वाचला की बनवल्याची तारीख मिळते, १९८७ किंवा त्याआधीची निघाली तर कुलूप मागवायची वाट न बघता खटक्याचे स्क्रू काढून तो आजच बाजूला ठेवा, झाकण नुसतं मिटलेलं राहिलं तरी आतल्या कापडाला काही होत नाही.