कॅसजेव्ही : सिकलसेलवरील जनुक-संपादन उपचार

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारावर, रुग्णाच्याच पेशींतील जनुकात क्रिस्पर या, डीएनए नेमक्या जागी कापणाऱ्या तंत्राने बदल करून दिला जाणारा उपचार. ब्रिटनने १६ नोव्हेंबर २०२३ रोजी आणि अमेरिकेने ८ डिसेंबर २०२३ रोजी १२ वर्षांपासून पुढच्या रुग्णांसाठी त्याला मान्यता दिली. क्रिस्परवर आधारलेला हा जगातला पहिला मान्यताप्राप्त उपचार होय.

सिकलसेलचे मूळ फार आधीच सापडले होते. हिमोग्लोबिनच्या रेणूतच दोष आहे, हे रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवले. हिमोग्लोबिनमधल्या अमिनो आम्लांच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, हे काही वर्षांतच व्हर्नन इन्ग्रॅम यांनी शोधले. एवढ्याशा बदलामुळे प्राणवायू सोडलेले हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब काड्या तयार होतात. लवचीक लाल पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठर होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. मग हाडे, छाती, पोट असह्य दुखू लागते. याला क्रायसिस म्हणतात.

गावोगावच्या तपासणीत होणारी सोल्युबिलिटी चाचणी हाच दोष दाखवते. बोटातून काढलेला रक्ताचा थेंब नळीतल्या द्रावणात टाकतात आणि नळीमागे रेघा ओढलेला कागद धरतात. रेघा दिसल्या तर काळजी नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या गेल्या, तर इलेक्ट्रोफोरेसिस (विजेच्या साहाय्याने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी चाचणी) करून व्यक्ती वाहक (एएस, एकच सदोष जनुक) आहे की रुग्ण (एसएस, दोन्ही सदोष) हे ठरवतात. रेणूतली एक चूक अशी नुसत्या डोळ्यांनी दिसावी, हे वैद्यकात फार क्वचित घडते.

कॅसजेव्हीच्या उपचारात ती चूक दुरुस्त केलीच जात नाही, आणि खरी कल्पकता इथेच आहे. सिकलसेल घेऊन जन्मलेल्या बाळाला पहिले काही महिने त्रास होत नाही, कारण त्याच्या रक्तात अजून हा दोष नसलेले गर्भातले हिमोग्लोबिन असते. ब्रुकलिनच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्येच हा संबंध मांडला होता. पुढे हे गर्भीय हिमोग्लोबिन बंद होते. ते बंद करण्यात बीसीएल११ए या जनुकाचा मोठा हात असल्याचे २००८ मध्ये विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांच्या गटाने दाखवले. लाल पेशी घडवणाऱ्या पेशींत या जनुकाला चालना देणारा डीएनएचा तुकडा क्रिस्परने कापला, की ते मंदावते आणि गर्भीय हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते.

रुग्णाला मात्र हा उपचार सोपा नाही. रक्तातून मूळ पेशी (ज्यांपासून रक्तपेशी तयार होतात) वेगळ्या करून प्रयोगशाळेत पाठवतात. त्या तयार होऊन यायला कित्येक महिने जातात. परत सोडण्याआधी जुनी अस्थिमज्जा तीव्र केमोथेरपीने रिकामी करावी लागते. केस गळतात, तोंड सोलवटते, वंध्यत्वाचा धोका असतो, आणि काही आठवडे रुग्णालयातच राहावे लागते. फळही तसेच मोठे आहे : अमेरिकेच्या मान्यतेवेळी पुरेसा काळ पाहिलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान १२ महिने तीव्र क्रायसिस आला नव्हता.

अमेरिकेत याची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये, ठेवली गेली. गडचिरोली, नंदुरबार, नागपूर या भागांत, विशेषतः आदिवासी आणि दलित समाजांत, सिकलसेल पिढ्यानपिढ्या आहे. तिथल्या घरांसाठी हा आकडा अर्थशून्य आहे, आणि ही बाब किरकोळ मानता येणार नाही. भारतात सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले; त्याचा भर तपासणी आणि समुपदेशनावर आहे. दिल्लीची जीनोमिकी आणि समवेत जीवविज्ञान संस्था (आयजीआयबी) स्वदेशी क्रिस्पर उपचारावर काम करत आहे. सध्या रुग्णाच्या हाती असते ती हायड्रॉक्सियुरिया या औषधाची कॅप्सूल. तीही गर्भीय हिमोग्लोबिनच वाढवते, पण रोज घ्यावी लागते आणि सोबत वेळोवेळी रक्ततपासणीही करावी लागते.