खारीचं कोठार

सैबेरियातल्या गोठलेल्या जमिनीचा विषय निघाला की मॅमथ, म्हणजे हिमयुगातला केसाळ हत्ती, आलाच. २००७ साली यामाल द्वीपकल्पात सापडलेलं ‘ल्यूबा’ हे महिन्याभराचं पिल्लू इतकं शाबूत होतं, की त्याच्या पोटात आईचं दूधही मिळालं. वय सुमारे ४२ हजार वर्षं. पण ल्यूबा शेवटी कलेवरच. त्या बर्फातून सजीव होऊन जे बाहेर आलं, ते एका खारीने साठवलेलं होतं.

ईशान्य सैबेरियात कोलीमा नदीकाठी दुवान्नी यार नावाची दरड आहे. तिथे ३८ मीटर खोलवर बिळात राहणाऱ्या खारींची जुनी कोठारं मिळाली. गवताचं नि केसांचं अस्तर आणि एकेका कोठारात सहा-आठ लाखांपर्यंत फळं-बिया! उन्हाळ्यात माती जितकी वितळेल तितकंच खारीला खणता यायचं, म्हणून कोठाराचा तळ कायम गोठलेल्या थराला टेकलेला. वर वाऱ्याने आणलेली धूळ साचत गेली, बीळ गाडलं गेलं आणि पुन्हा वितळलंच नाही. उणे ७ अंश, सलग सुमारे ३२ हजार वर्षं. आपल्याकडे दुपारभर लाइट गेली तरी फ्रीझरखाली फडकं ठेवावं लागतं.

रशियातल्या पुश्चिनोच्या संशोधक स्वेतलाना याशिना आणि डेव्हिड गिलिचिन्स्की यांच्या चमूने आधी कोठारातल्या एका वनस्पतीच्या पिकलेल्या बियाच रुजवून पाहिल्या. एकही धड वाढली नाही. कोठारात मोड येऊ नयेत म्हणून खारीनेच त्यांचे अंकुर कुरतडले असावेत, असा एक कयास. मग त्यांनी तिचीच कच्ची फळं घेतली. मिरची उभी चिरली की बिया ज्या पांढरट गाभ्याला चिकटलेल्या दिसतात, तसा या फळांतला गाभा काढून त्याचं टिश्यू कल्चर केलं, म्हणजे प्रयोगशाळेत त्या पेशींपासूनच रोपं वाढवली. जळगावच्या केळीवाल्यांना ही पद्धत समजावून सांगायला नको.

गोठताना पेशीत बर्फाचे स्फटिक झाले की ती फाटते. साखर भरपूर असेल तर बचावाची शक्यता वाढते, आणि या गाभ्यात ती होती. शिवाय वनस्पतीच्या जिवंत पेशींपासून अख्खं रोप उभं राहू शकतं. मॅमथच्या कातडीकडून ही अपेक्षा करता येत नाही.

रोपं वाढली, पांढरी फुलं आली. झाड सायलीन स्टेनोफायला, कार्नेशनच्या कुळातलं. त्याच भागात आजही उगवतं. मात्र आजच्या फुलांशेजारी ठेवल्यावर पाकळ्यांची ठेवण जरा वेगळी दिसली. २०१२ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं, तोवर त्या फुलांचं परागीभवन करून नवं बी धरलंही होतं. ते पेरलं, तर झाडून सगळं उगवलं.