निर्दोष देव आणि उणी माणसं : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

देव परिपूर्ण असेल तर त्याने घडवलेली माणसं अशी उणी कशी? हा वाद जुना आहे, पण नागपुरात तो पोथीपुरता कधीच राहिला नाही.

वेदान्ताचा पायाभूत ग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांतच (2.1.34) हा आक्षेप घेतलेला आहे. एक जन्मतः सुखी, दुसरा दुःखी. मग देव पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का? शंकराचार्य पावसाचा दाखला देतात. पाऊस सगळीकडे सारखाच पडतो, भात उगवणार की जव, हे बियाण्यावर. उणंअधिक येतं ते ज्याच्या त्याच्या कर्मातून. मग पहिल्या जन्मी कर्म कुठून आलं? पुढचं सूत्र म्हणतं, संसार अनादि आहे, पहिला जन्म असा नाहीच. युक्तिवाद चोख आहे. पण देव सुटतो आणि सगळं खापर जीवाच्या माथी फुटतं, त्याचं काय?

विदर्भात रुजलेल्या महानुभाव पंथाने जीव, देवता, प्रपंच (म्हणजे जड सृष्टी) आणि परमेश्वर हे चारही अनादि मानले. देवाने जीव घडवलाच नाही, तर त्याच्या उणिवेचा जाब देवाला कोण विचारणार!

ख्रिस्ती परंपरेला ही पळवाट नव्हती, कारण तिथे देव शून्यातून निर्मिती करतो. प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीन म्हणाला, वाईट म्हणजे चांगल्याचा अभाव. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्झने 1710 मध्ये मांडलं की निर्मिलेली वस्तू मर्यादित असणारच, नाहीतर तीच देव होईल; तरीही शक्य असलेल्या जगांत हेच सर्वोत्तम. 1755 मध्ये पोर्तुगालमधलं लिस्बन भूकंपाने हादरलं आणि फ्रेंच लेखक व्होल्तेरने या आशावादाची यथेच्छ टर उडवली. ही ख्रिस्ती परंपरा नागपुरात रुजवली ती 1845 मध्ये आलेल्या स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने. गृहस्थ धर्मप्रचाराइतकाच जीवाश्म गोळा करण्यातही रमायचा. त्याच्या नावाचं कॉलेज 1883 पासून आहे.

खरा घाव मात्र नागपुरातच, 14 ऑक्टोबर 1956 रोजी बसला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. त्या वेळी दिलेल्या 22 प्रतिज्ञांतली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची. त्यांच्या निधनानंतर 1957 मध्ये आलेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये सृष्टिकर्त्या ईश्वराची कल्पना खोडून काढली आहेच; शिवाय पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांतही झोडपला आहे. गरीब आणि दलितांच्या अवस्थेची जबाबदारी समाजाला आणि राज्याला झटकता यावी, यापलीकडे त्याचा दुसरा हेतू दिसत नाही, हा त्यांचा आरोप होता.