समुद्री वाटाणा: दुष्काळातल्या ‘चमत्कारा’ची पार्श्वभूमी

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, सफक परगण्यात, ऑर्फर्ड आणि ऑल्डबरा या गावांच्या मधे नुसत्या गोट्यांचा लांबलचक पट्टा आहे. १५५५ साली अवकाळी हवामानाने पीक बुडालं, धान्य महागलं. आणि ह्याच पट्ट्यावर कुणी न पेरलेले वाटाण्याचे वेल शेंगांनी लगडलेले गोरगरिबांना दिसले. इतिवृत्तकार जॉन स्टो लिहितो की लोकांच्या अंदाजाने शंभर क्वार्टरहून जास्त दाणे निघाले (क्वार्टर हे धान्य मोजायचं इंग्रजी माप), तरी वेलांवर फुलं नि शेंगा होत्या तितक्याच. नॉरिचचे बिशप लवाजम्यासह पाहायला गेले. मुळांच्या खाली तीन यार्डांपर्यंत त्यांना फक्त दगड लागला, आणि मुळं मात्र लांब, जाड आणि गोड.

देवाची करणी, असं लोक म्हणाले. पुढे इतिहासकार विल्यम कॅम्डेनने जाणत्यांचा तर्क नोंदवला, की बुडालेल्या जहाजातले वाटाणे वाहून आले असावेत. खरं तर हा शेतातला वाटाणाच नव्हे. हा लॅथिरस जॅपोनिकस, म्हणजे समुद्री वाटाणा. उत्तर गोलार्धातल्या थंड किनाऱ्यांवर तो आपसूक वाढतो. जपानात त्याला हामाएंदो म्हणतात. कोकणात मर्यादवेल पुळणीवर पसरते तसाच हा पसरतो, फुलंही जांभळीच. बी खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं राहूनही रुजतं. ऑर्फर्डचे वेल त्या साली अचानक उगवले असं मला वाटत नाही. ते आधीही तिथे असणार. पोटात आग पडल्यावर लोकांची नजर तिकडे वळली.

दुष्काळातल्या अशा अन्नाची दुसरी बाजू विदर्भाला सांगायला नको. आपली लाख, म्हणजे लाखोळीची डाळ, ह्याच लॅथिरस गोतातली. पाणी नसलं तरी ती पिकते, म्हणून टंचाईत गरिबाच्या ताटात उरते तीच. महिनोन्महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पाय लुळे पडू शकतात. ह्याच कारणाने १९६१ साली तिच्या विक्रीवर देशात बंदी आली. ऑर्फर्डकरांनी आपला वाटाणा एखादाच हंगाम खाल्ला, हे त्यांच्या पथ्यावर पडलं असावं.

समुद्री वाटाण्याचा आहार म्हणून नीट अभ्यास विसाव्या शतकाच्या अखेरीस कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये झाला. त्यातल्या प्रथिनांवरच्या शोधनिबंधांवर यू. डी. चव्हाण हे नाव दिसतं, तेव्हा मराठी वाचक क्षणभर थबकतोच.

लावायचा म्हटला तर बियांचं टरफल भलतंच टणक. ते कानशीने किंचित घासून बी रात्रभर भिजत घालावं लागतं. वाळूमिश्रित, निचऱ्याची जागा हवी. नत्र मुळांवरच्या गाठींमधून मिळतं, त्यामुळे शेणखताचे लाड नकोत. कोवळ्या शेंगा मटारासारख्या शिजवतात; जून दाणे बारके नि कडवट.