तारापूरची भट्टी बॉम्बसारखी फुटेल का?
अणुभट्टी कधीतरी अणुबॉम्बसारखी फुटेल, ही भीती तारापूरच्या अणुवीज केंद्राबद्दलही सर्रास बोलली जाते. तसं होऊच शकत नाही. न्यूट्रॉन आदळला की युरेनियम-२३५ चं केंद्रक दुभंगतं. एकूण वस्तुमान किंचित घटतं आणि तेवढ्याची ऊर्जा होते. सोबत दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात, ते पुढची केंद्रकं फोडतात. बॉम्बच्या युरेनियममध्ये या युरेनियम-२३५ चं प्रमाण ८०-९० टक्के लागतं. तारापूरच्या इंधनात ते ५ टक्क्यांहूनही कमी असतं, शिवाय जादा न्यूट्रॉन नियंत्रक कांड्या शोषून घेतात.

पण तेवढ्यावरून भट्टी निर्धोक ठरत नाही. चेर्नोबिलला १९८६ मध्ये वाफेचा स्फोट झाला, फुकुशिमाला २०११ मध्ये हायड्रोजनचा. दोन्हीकडे किरणोत्सर्ग बाहेर पडला. खरा प्रश्न विचारायचा तो हा: भट्टी बंद केल्यावरही इंधन तापत राहतं, मग वीज गेली तर त्यावरून पाणी कसं फिरवणार?